शकुनाचा पैसा

ऑक्टोबरच्या बाजाराच्या पहाटे विनी मॅनियनने खुंटीवरची घोडीची मोरखी काढून जार्लथच्या हातात दिली. तिचा नवरा बार्टली असता तर ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नसती. जनावर बाजारात न्यायचं ते घरच्या कर्त्या माणसाने, हा मॅनियनांचा शिरस्ता. बार्टलीला मे महिन्यात पुरून आल्यापासून कर्ता माणूस म्हणजे जार्लथ होता. ते त्याला स्वतःला इतकं पटलं होतं की दाढी करतानासुद्धा तो आरशात कर्त्या माणसासारखा बघायचा.

"चिखलात पळवू नकोस तिला," विनी म्हणाली. "मागचा उजवा पाय जप."

"आई, बाजाराला काय मी आज पहिल्यांदा निघालोय?"

"विकायला पहिल्यांदाच निघालायस."

डेलिया चुलीपाशी बेकन परतत होती. दोन दिवस ती भावाशी बोललेली नव्हती. न बोलणं हा तिचा स्वभावच नसल्यामुळे त्या दोन दिवसांत घरातली भांडी मात्र फार आपटली गेली होती.

"कुणाला विकणार?" तिने तव्यावरची नजर न काढता विचारलं.

"चांगला भाव देईल त्याला."

"म्हणजे त्या घोड्यांच्या व्यापाऱ्याला, प्रंटीला."

"प्रंटीचे पैसे काय वेगळे असतात?"

"पैसे सारखेच असतात. घोडी कुठे जाते ते वेगळं असतं."

"हॉलंडच्या शेतकऱ्यांना देतो तो. स्वतः सांगितलंय मला त्याने."

"चौदा वर्षांची घोडी बोटीत घालून हॉलंडला नेणारा शेतकरी मला एकदा बघायचाय," डेलिया म्हणाली. "तिकडे जुडीला नांगराला जुंपणार नाहीत, जार्लथ. ताटात वाढतील."

जार्लथने मोरखी खांद्यावर टाकली. ही गोष्ट त्यानेही ऐकली होती, पण ऐकलेलं सगळं खरं मानायला लागलं तर माणसाने बाजाराला जाऊच नये, असं त्याने मनाला समजावलं होतं. गॅरेजवाल्याच्या आवारात एक करडा ट्रॅक्टर उभा होता. वापरलेला होता, पण इंजिन घड्याळासारखं चालायचं. जुडीचे पैसे आले की सुरुवातीचा हप्ता भरला जाणार होता. शेजारच्या तीन घरी ट्रॅक्टर आले होते आणि मॅनियन अजून घोडीच्या शेपटीमागे चालत होते, हे त्याला खुपत होतं. त्यात त्याची चूक होती असंही नाही.

"तुला दोष नाही देत मी," विनी मध्ये पडली. "पण मी शब्द दिलाय त्याला, डेलिया. शेत त्याने करायचंय, तर त्याच्या पद्धतीने करू दे."

आईने असा कौल दिल्यावर डेलियाने तवा खाली ठेवला, कोट चढवला आणि सायकल बाहेर काढली. बेकन तव्यातच राहिलं.

जार्लथ घोडीला घेऊन फाटकाबाहेर पडला तेव्हा विनी दारात उभी होती. पांढुरकी जुडी मान हलवत गेली, नेहमी जाते तशी. या घरात नवरी म्हणून विनी आली ती जुडीच्या आजीने ओढलेल्या गाडीतून. बारा मैलांचा रस्ता, शेजारी एक अनोळखी पुरुष, आणि लाजेने मान वर करता येत नव्हती. त्यामुळे तेवढा रस्ता तिने घोडीचा पार्श्वभागच बघितला होता. नवऱ्याच्या चेहऱ्याआधी तिला घोडीची पाठ ओळखू यायला लागली, असं ती पुढे हसून सांगायची. त्या पाठीची ही शेवटची नात होती. आज तिला हसू आलं नाही. ती आत गेली आणि बाजाराचा चांगला कोट घालायला लागली.

*

फेस्टस मॅनियन हा बार्टलीचा धाकटा भाऊ. तो गावाच्या तोंडाशी एका खोलीत एकटा राहायचा. शेत नाही, बायको नाही, पण कारामोरच्या बाजारात त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. घेणारा आणि देणारा यांच्या मध्ये उभं राहून, दोघांच्या हातावर हात मारवून सौदा जुळवणं हा त्याचा धंदा. त्याबद्दल त्याला दोन्हीकडून थोडं काही आणि वर स्टाउट बिअरचा पेला मिळायचा. आयुष्यात एकही सौदा आपल्या हातून मोडला नाही, ही त्याची मिळकत.

डेलिया पोचली तेव्हा तो दारात बूट घालत होता.

"काका, जुडीचा सौदा प्रंटीशी होऊ देऊ नका."

"सकाळी सकाळी काय मागतेस, पोरी? जार्लथ काल रात्रीच येऊन गेला. प्रंटीशी गाठ मी घालून द्यायची असं ठरलंय."

"तुम्ही लहानपणी जुडीच्या आजीच्या पाठीवर बसून शाळेत जायचात."

"जायचो. दोनदा पडलोसुद्धा." त्याने बुटाची नाडी करकचून ओढली. "पण बाजारात मला पुतण्या-पुतणी नसतात. उद्या लोक म्हणतील, फेस्टसने घरच्यांसाठी सौदा वाकडा केला. मग मला पेला कोण पाजेल? तू?"

डेलियाने सायकलच्या दांडीवर हात ठेवला. मग तिने अगदी सहज विचारलं, "आणि प्रंटीच्या आधीच जार्लथचं दुसऱ्या कुणाशी बोलणं सुरू झालं तर?"

"तर प्रंटीने वाट बघायची."

"कितीही वेळ?"

"कितीही." या विषयावर फेस्टसला बोलतं करायला फार कष्ट पडायचे नाहीत. "दोन माणसं भावाचं बोलत असली की तिसऱ्याने तोंड उघडायचं नाही. बिशप असला तरी. दोघं एकमेकांना पाठ दाखवून गेले आणि कुणीही त्यांना परत ओढून आणलं नाही, तरच सौदा मेला. तोपर्यंत तो जिवंत. हा नियम मोडला तर प्रंटीला या गावात कुणी कोंबडीसुद्धा विकणार नाही, आणि ते त्याला माहीत आहे."

"आणि प्रंटीचे घोडे दुपारच्या आगगाडीने जातात ना?"

"डबे तिलाच जोडतात. का?"

"काही नाही," डेलिया म्हणाली आणि सायकलवर बसली.

तिथून ती थेट कोलमन डिस्किनकडे गेली. कोलमनची जमीन मॅनियनांच्या बांधाला लागून. साठी ओलांडलेला, लग्न न झालेला, आणि कुठल्याही गोष्टीला 'बघू' म्हणणारा माणूस. एक गाय घ्यायची म्हणून तो एकदा मार्चपासून दर बाजाराला तिच्याभोवती फेऱ्या मारत राहिला होता. शेवटी ती गाय दुसऱ्याच्या गोठ्यात तिसऱ्यांदा व्यायली. बाजारातलं सगळ्यात निरुपयोगी गिऱ्हाईक कोण असं विचारलं असतं, तर कारामोरमधल्या कुत्र्यांनीही त्याचंच दार दाखवलं असतं.

"घ्यायचं नाही?" कोलमनने खात्री करून घेतली.

"घ्यायचं नाही. नुसतं बोलत राहायचं. आगगाडी सुटेपर्यंत."

"पैसे नाहीत माझ्याकडे. सगळे छपरात गेले."

"पैसे लागतच नाहीत."

कोलमनने टोपी डोक्यावर नीट बसवली. त्याच्या गुणांची आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी गरज पडली होती. "बघू" असं न म्हणता तो निघाला.

*

जार्लथ मुख्य रस्त्यावर पोचला तेव्हा दुकानदारांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या आणि गाईगुरांनी त्या फळ्यांना अंग घासायला सुरुवात केली होती. घोड्यांची जागा चढावर, चर्चच्या भिंतीपाशी. प्रंटी तिथे होताच. तपकिरी बूट, हातात वेताची छडी, आणि शेपट्या बांधलेले पाच-सहा घोडे आधीच त्याच्या माणसाच्या ताब्यात. जार्लथला बघून त्याने हलकीच मान डोलावली. फेस्टस त्याच्या शेजारी उभा होता. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि जार्लथला आपण उंच झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात कोलमन डिस्किन समोर येऊन उभा राहिला. त्याने जुडीभोवती एक फेरी मारली. मग उलट दिशेने दुसरी मारली.

"घोडी म्हातारी दिसते," तो म्हणाला.

"तुमच्याच बांधाला चौदा वर्षं चरतेय ती, कोलमन. आज दिसली होय तुम्हाला?"

"बांधावरून दिसणं वेगळं आणि बाजारात बघणं वेगळं. किती म्हणतोस?"

जार्लथ हसला. शेजारी माणूस, बापाच्या वयाचा. त्याला तोंडावर हड् म्हणता येईना. शिवाय प्रंटी ऐकत होता. भाव वर काढायला एक बोली आधी झालेली बरी, असा हिशेब त्याने केला, आणि इथेच तो फसला.

"सत्तर पौंड," तो म्हणाला.

"चाळीस," कोलमन म्हणाला, आणि सौदा जिवंत झाला. प्रंटीने छडी काखेत मारली आणि एक पाऊल मागे घेतलं.

पुढे जे झालं ते कारामोरमध्ये अजून सांगतात. कोलमनने दात बघितले. चारही खूर उचलून बघितले, आणि मागच्या उजव्यापाशी इतका वेळ वाकून राहिला की त्याची पाठच धरली असं लोकांना वाटलं. घोडी रस्त्यावरून पळवून दाखव म्हणाला. पळवली. आता उलट दिशेने. तशीही पळवली. मग छाती तपासायची म्हणून त्याने काठी उगारून घोडीला दचकवलं आणि ती कण्हते का ते कान लावून ऐकलं. जुडी कण्हली नाही. तिने त्याच्या टोपीला नाक लावलं.

"बेचाळीस," कोलमन म्हणाला.

"अहो, बेचाळीसला काय नुसती शेपटी नेणार का?"

कोलमन दुखावल्यासारखा वळला आणि चालायला लागला. जार्लथने सुटकेचा श्वास सोडला. पण बाजाराचा दिवस होता आणि बघ्यांना दुसरं काम नव्हतं. दोघा-तिघांनी कोलमनला दंडाला धरून परत आणलं. "असा जाऊ नका. शेजारधर्म आहे." "कोलमन पहिल्यांदा काहीतरी मागतोय, त्याला मोडता घालू नको रे, जार्लथ." कोलमन परत आला, आणि परत दातांपासून सुरुवात झाली.

तिसऱ्यांदा त्याला परत ओढून आणलं तेव्हा प्रंटीने खिशातलं घड्याळ काढून बघितलं. चौथ्यांदा जार्लथ फेस्टसकडे गेला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"काका, हे मोडा."

"काय मोडू?"

"हे जे काय चाललंय ते. त्याला घ्यायची नाहीये. आख्खा बाजार बघतोय."

"मी जोडतो, जार्लथ. मोडत नाही."

"मग जोडा. काहीतरी एक करा. माझा दिवस घालवला त्याने."

फेस्टसने टोपी मागे सारली आणि गर्दीवरून नजर फिरवली. जुनी सवय होती ती. घेणाऱ्याचं खरं मन त्याच्या चेहऱ्यावर सापडत नाही, ते त्याच्या बरोबरच्या माणसाच्या चेहऱ्यावर सापडतं. आणि कॉस्टेलोंच्या दुकानाच्या फळ्यांपाशी, सायकलला टेकून, त्याला आपली पुतणी दिसली. सगळा बाजार घोडीकडे बघत होता. ही एकटी स्टेशनच्या घड्याळाकडे बघत होती.

सकाळचं बोलणं फेस्टसला आठवलं. कितीही वेळ? बिशप असला तरी. माझ्याच धंद्याचा नियम पोरीने माझ्याच तोंडून काढून घेतला आणि माझ्याच दाराशी बांधला. त्याला राग आला, चांगलाच आला. रागाच्या खाली अभिमानही होता, पण तो त्याने तिथेच राहू दिला. वेळकाढूपणासाठी सौदा वापरणं म्हणजे प्रार्थनेला येऊन झोपण्यासारखं. हात पसरला की मारायचा. ज्याला मारायचा नाही त्याने पसरू नये. डिस्किनकडे दमडी नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. नव्या छपराचे खिळेसुद्धा उधारीवर आले होते. ठीक आहे, फेस्टस मनात म्हणाला. ज्याचा खरा हात आहे तो पुढे येऊ दे.

तो दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"कोलमन, शेवटचं काय?"

"पन्नास. बघू."

"जार्लथ?"

"सत्तर म्हटलंय मी."

"फरक अर्धा-अर्धा," फेस्टस बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साठ." त्याने जार्लथचं मनगट पकडून तळवा वर केला. "थुंक." सौद्याच्या रिवाजाप्रमाणे जार्लथ तळव्यावर थुंकला. साठला तो तयारच होता. प्रंटीही तेवढेच देणार होता. मग फेस्टसने दुसऱ्या हाताने कोलमनचं मनगट धरलं. कोलमनने मूठ घट्ट आवळली. लोक पुढे सरकले. हे तर सगळ्यांना आवडतं; घेणारा आढेवेढे घेतो, मधला त्याचा हात ओढतो, आणि शेवटी टाळी वाजते. फक्त कोलमनचा चेहरा पांढरा पडला होता. हातावर हात बसला की शब्द झाला, आणि शब्द झाल्यावर पैसे नाहीत म्हणणाऱ्या माणसाला कारामोरमध्ये पुन्हा कुणी नमस्कारसुद्धा करणार नव्हतं.

"फेस्टस," तो पुटपुटला, "सोड."

"मूठ उघड."

"थांबा काका," डेलिया म्हणाली.

*

कॉस्टेलोंच्या मागच्या स्वयंपाकघरात विनी चहा घेत होती. बाजारात बायकांची जागा तीच. बाहेर गलबला चालू असला की त्या निर्धास्त बोलायच्या. गलबला थांबला आणि विनीने कप खाली ठेवला. बाजार मधेच गप्प झाला तर कुणीतरी तुडवलं तरी गेलंय किंवा कुणाचं तरी नाक कापलं गेलंय. ती बाहेर आली तेव्हा गर्दीच्या मधोमध तिची मुलगी उभी होती, आणि कोलमन डिस्किन मनगट चोळत बाजूला झाला होता.

"कोलमन माझ्यासाठी बोलत होते," डेलिया सांगत होती. तिचा आवाज सुरुवातीला हलला आणि मग हलायचा थांबला. "माणूस दुसऱ्यासाठी बोलू शकतो. चालतं ना, काका?"

"चालतं," फेस्टस म्हणाला. "खरा घेणारा समोर आला तर चालतं."

"मी समोर आलेय."

"हा काय पोरखेळ आहे?" जार्लथचा चेहरा लाल झाला होता. "आपल्याच गोठ्यातली घोडी तू विकत घेणार?"

"तू विकतोयस ना? मग कुणीतरी घ्यायला नको?"

मागे कुणीतरी हसलं.

"आणि साठ पौंड कुठून आणणार? अंडी विकून?"

"माझ्या हुंड्यातून."

ते बोलण्याच्या क्षणभर आधीपर्यंत तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. सकाळी तिला एवढंच हवं होतं की आगगाडी सुटावी. कोलमनची ती आवळलेली मूठ बघितल्यावर तिला कळलं, की दुसऱ्याचा हात पुढे करून घोडी वाचत नाही.

गर्दीत कुजबुज झाली. जार्लथ आईकडे वळला. "आई, सांग तिला. ते पैसे तिच्या लग्नाचे आहेत. बहिणीच्या हुंड्यावर ट्रॅक्टर घेतला असं मी ऐकून घ्यायचं का?"

विनी पुढे आली. ते पैसे बँकेत दोघींच्या नावावर होते. तिच्या सहीशिवाय निघाले नसते, आणि हे तिथे उभ्या असलेल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. प्रंटी दोन पावलांवर उभा होता. त्याचे तपकिरी बूट बाजाराच्या दिवशीही स्वच्छ होते. त्याच्या माणसाच्या हातातले घोडे एका दोरीत माना खाली घालून उभे होते आणि त्यातल्या एकालाही मोरखी नव्हती. कामाला न्यायच्या घोड्याची मोरखी कुणी काढून ठेवत नाही. एवढं सोपं होतं ते. मुलगा म्हणाला म्हणून तिने मान डोलावली होती, आणि बघायचं टाळलं होतं.

"डेलिया," ती हळूच म्हणाली, "निम्म्याहून जास्त जातील. उद्या जार्लथची बायको येईल. तेव्हा तू त्या घरात कुठे उभी राहशील?"

"ते मला विचारायचंय," डेलिया म्हणाली. "पण याला. सौदा झाल्यावर."

विनीने मुलीकडे बघितलं. बार्टलीचा हट्ट तिने पस्तीस वर्षं ओळखला होता. या हट्टात बार्टली थोडा होता, पण बराचसा तिचा स्वतःचा होता. तिला फार बरं वाटलं.

"पैसे तिचे आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सही मी देईन. मारा हात, भावोजी."

"बाईमाणसाचा हात?" भिंतीपाशी कुणीतरी म्हणालं.

"नियमात हाताबद्दल काहीच म्हटलेलं नाही," फेस्टस म्हणाला. "हात असला म्हणजे झालं. थुंक, पोरी."

डेलिया तळव्यावर थुंकली, आणि नीट थुंकली. फेस्टसने दोन्ही मनगटं धरली आणि एकमेकांवर अशी आदळली की भिंतीवरचे कावळे उडाले. मग त्याने वाकून बुटाचा चिखल बोटावर घेतला आणि जुडीच्या पाठीवर खूण केली. सौदा झाला. प्रंटीने टोपीला हात लावला, डेलियाला, जार्लथला नव्हे, आणि तो स्टेशनकडे निघून गेला.

लोक पांगायला लागले होते.

"शकुनाचा पैसा राहिला," डेलिया म्हणाली.

पांगणारे लोक थांबले. विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर शकुनाचं काहीतरी परत ठेवायचं, म्हणजे जनावर लाभतं. ते ठेवलं नाही, किंवा हात आखडता घेतला, तर पुढच्या बाजाराला त्याच्या जनावराकडे कुणी ढुंकून बघत नाही. जार्लथने खिशात हात घातला. मनातून त्याला हायसं वाटत होतं. पैसे येणार होते, घोडी जाणार नव्हती, आणि हसं झालं ते आठवडाभरात विसरलं गेलं असतं. त्याने एक पौंडाची नोट काढली. बहिणीसाठी म्हणून आणखी एक काढली.

"नको," डेलिया म्हणाली. "पैसे नकोत मला. शकुन म्हणून विहिरीवरचं कुरण दे."

"काय?"

"विहिरीवरचं कुरण. घोडी माझी झाली. मग ती काय रस्त्यावर चरेल?"

"गोठ्यात राहील. नेहमीसारखी."

"तुझ्या गोठ्यात. तुझ्या मेहेरबानीवर. आज ती राहील आणि उद्या मी." ती आता हळू बोलत होती, पण जवळच्यांना ऐकू जात होतं. "माझं लग्न व्हायचं असेल तर हुंड्याशिवाय होईल, नाही तर नाही होणार. ते माझं मी बघेन. पण जार्लथ, मला या जगात एक फाटक हवंय, जे उघडायला कुणाला विचारावं लागणार नाही."

जार्लथने काकाकडे बघितलं. फेस्टस आपल्या नखांतला चिखल काढत होता. त्याने आईकडे बघितलं. आईने नजर हटवली नाही. मग त्याने बहिणीकडे बघितलं. तिची हनुवटी वर होती आणि थुंकीने ओला झालेला हात तसाच पुढे होता. बाप गेल्यावर सगळी जमीन त्याच्या नावावर झाली त्या दिवशी ही मुलगी चुलीपाशी उभी राहून सगळ्यांना चहा देत होती, आणि तिला काय मिळालं हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही नाही. त्याला लाज वाटली, आणि ती लाज लोकांसमोर वाटल्याचंही त्याला काही वाटलं नाही.

"दगडी बांधासकट?" त्याने विचारलं.

"दगडी बांधासकट."

जार्लथने नोटा खिशात टाकल्या आणि पुन्हा तळव्यावर थुंकला. या वेळी मध्ये कुणी नव्हतं. फेस्टस नंतर म्हणायचा, त्याच्या सगळ्या धंद्यात हा एकच सौदा त्याच्याशिवाय झाला आणि तोच सगळ्यात नीट झाला. पेला मात्र त्याने दोघांकडून घेतला, आणि विनी वहिनीकडून तिसरा.

दुपार कलताना ते घरी निघाले. विनी कोलमनच्या गाडीत बसली होती आणि कोलमन तिला, बेचाळीसला घोडी नक्की मिळाली असती, हे समजावून सांगत होता. डेलिया जुडीला मोरखीने धरून पुढे चालली होती. सायकल जार्लथ ढकलत होता. खाली दरीत आगगाडीची शिट्टी वाजली. दोघांनीही मान वळवली नाही.

विहिरीवरच्या कुरणाशी डेलिया थांबली. तिने फाटक उघडलं, जुडीला आत घेतलं आणि मोरखी काढली. मग फाटक आतून लावून ती त्यावर हात टेकून उभी राहिली. पावसाने गवत पोटरीएवढं वाढलं होतं. जुडीने डोकं खाली घातलं ते वर काढलंच नाही.

जार्लथ फाटकाबाहेर रेंगाळला. त्याने सायकल बांधाला टेकवली, परत सरळ केली, परत टेकवली.

"ट्रॅक्टर नोव्हेंबरात येईल," तो म्हणाला.

"बरं."

"दलदलीवर कापून ठेवलेलं जळण अजून तिकडेच पडलंय. एक पाऊस लागला की भिजेल."

"भिजेल."

"उद्या सकाळी... जुडीला नेऊ का?"

डेलियाने त्याच्याकडे बघितलं. मग ती सावकाश तळव्यावर थुंकली आणि हात फाटकावरून पुढे केला.

जार्लथने त्या हाताकडे बघितलं. फाटक ढकलून तो आत आला. त्याने टोपी मागे सारली, घोडीभोवती एक फेरी मारली, मग उलट दिशेने दुसरी मारली, आणि म्हणाला, "घोडी म्हातारी दिसते."